पिस्तुलाचे शॉट पुन्हा पुन्हा सात वाजताच का जातात?

लक्षण आधी सांगते. एअर पिस्तूल, 10 मीटर, उजवा हात. पहिले दहा-बारा शॉट व्यवस्थित बसतात. मग एक सटकतो, खाली डावीकडे, घड्याळात सात असतात त्या दिशेला. पुढचे दोन बरे, की परत एक सातला. हात आपोआप रिअर साइटच्या (नेम धरायच्या मागच्या खाचेच्या) स्क्रूकडे जातो. दोन क्लिक उजवीकडे, एक वर. तीन शॉट मस्त मध्ये. चौथा थेट एक वाजता. क्लिक परत फिरवायचे. सराव संपताना साइट सुरुवातीला होती तिथेच असते आणि स्कोअरही कालचाच, फार तर दोनने कमी.

मी या फेऱ्यात वर्षाहून जास्त अडकले होते. वैताग असा की मधूनमधून तो सुटल्यासारखा वाटायचा. एकदा ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची लाकडी मूठ, तासून घेतली, दहा दिवस सुंदर गेले. एकदा मागचा पाय चार बोटं सरकवला, पुन्हा दहा दिवस. एकदा तर नुसते बूट बदलले होते. प्रत्येक वेळी मी वहीत मोठ्या अक्षरांत "सापडलं" लिहिलंय. अशी चार "सापडलं" आहेत त्या वहीत, आणि चारही खोटी निघाली. (डावखुऱ्यांनी इथून पुढे डावं-उजवं उलटं वाचावं. माझा सात वाजताचा शॉट म्हणजे तुमचा पाच वाजताचा.)

स्क्रू सोडा

आधी टार्गेटचा हिशेब, कारण पुढे तो सारखा लागणार आहे. दहाचं वर्तुळ 11.5 मिमी व्यासाचं असतं आणि त्यापुढचं प्रत्येक वर्तुळ व्यासाने 16 मिमी मोठं. पेलेट, म्हणजे एअर पिस्तुलाची गोळी, 4.5 मिमीची. तिची कड रेषेला नुसती शिवली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे पेलेटचं केंद्र मध्यापासून 8 मिमीच्या आत पडलं तर दहा, 16 च्या आत नऊ, 24 च्या आत आठ. दर 8 मिमीला एक गुण जातो, एवढं लक्षात राहिलं की बाकीचं तोंडी जमतं.

आता समजा तुमचे शॉट आडव्या दिशेने साधारण 8 मिमी स्टँडर्ड डेव्हिएशनने (सरासरीपासूनच्या विखुरण्याचं माप) विखुरतात. अशा नेमबाजाने पाच शॉट मारले तर त्या ग्रुपचा मध्य काहीही न बिघडता साडेतीन मिमी इकडे-तिकडे होणारच, कारण 8 ला पाचच्या वर्गमुळाने भागलं की तेवढंच येतं. माझ्या पिस्तुलात एका क्लिकला जेमतेम 2 मिमी सरकतं. म्हणजे पाच शॉट पाहून मी जे दोन क्लिक फिरवत होते, ते नुसत्या योगायोगामागे धावणं होतं. वीस शॉट घेतले की हीच लटपट पावणेदोन-दोन मिमीवर येते. तेव्हा कुठे क्लिक फिरवायचा की नाही हे ठरवता येतं.

म्हणून पहिली पायरी कंटाळवाणी आहे: दोन आठवडे साइटला हात लावायचा नाही. ग्रुप डावीकडे बसत असेल तर बसू दे. ग्रुपचा आकार आणि ग्रुपची जागा हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जागेचा प्रश्न स्क्रूने सुटतो, आकाराचा सुटत नाही. माझ्या बाबतीत तर जागा बरोबरच होती. मूळ ग्रुप मध्यावर, आणि त्याला सात वाजता फुटलेली एक शेपटी. शेपटीसाठी सगळा ग्रुप हलवला की चांगले शॉट वाया जातात. तो एक वाजताचा शॉट तिथूनच यायचा. तो खरं तर चांगला शॉट होता, मीच त्याची साइट हलवून ठेवली होती.

चक्राचा तक्ता

रेंजवर भिंतीला एक तक्ता हमखास लावलेला असतो. टार्गेटचे आठ भाग पाडलेले आणि प्रत्येकात एकेक चूक लिहिलेली: इथे लागला तर अंगठा दाबला, इथे लागला तर मनगट मोडलं. तो वाईट नाही, पण एका हाताने मारणाऱ्या उजव्या नेमबाजासाठी केलेला आहे. दोन हातांनी पिस्तूल धरणारेही तोच वाचून औषध घेतात. आणि दुसरं म्हणजे एकाच जागी शॉट जायला तीन-चार कारणं असू शकतात. तक्त्यावरून शंका घ्यायची, निदान करायचं नाही. माझ्या चार "सापडलं"पैकी दोन त्या तक्त्यातली होती.

पडद्याकडे बघण्याआधी लिहा

उपयोग झाला तो एका जुन्याच सवयीचा, जी मला कोचने पहिल्या महिन्यात सांगितली होती आणि मी ऐकून सोडून दिली होती: शॉटचा कॉल. ट्रिगर सुटला त्या क्षणी फ्रंट साइट (नळीच्या टोकाकडची) कुठे होती, ते डोळ्यात राहिलेलं चित्र. त्यावरून शॉट कुठे लागला असेल ते लिहायचं आणि मगच मॉनिटर (इलेक्ट्रॉनिक टार्गेटचा पडदा, तो गुण दशांशात दाखवतो) बघायचा. आधी बघितलं की संपलं, मग मन खोटं बोलतं. "हो, मला वाटलंच होतं" असं दरवेळी म्हणतं.

मॉनिटरवर रुमाल टाकला आणि दहा-दहा शॉटच्या सिरीज मारल्या. वहीतलं एक पान जसंच्या तसं:

शॉट 12. कॉल: 10, मध्ये. लागला: 9.8, चार वाजता.
शॉट 13. कॉल: 9, वर. लागला: 9.4, बारा वाजता.
शॉट 14. कॉल: 10, नक्की, आजचा सगळ्यात छान. लागला: 7.9, सात वाजता.
शॉट 15. कॉल: 8, उजवीकडे, उशीर केला. लागला: 8.6, तीन वाजता.

तेरावा आणि पंधरावा वाईट असले तरी मला कळलेले आहेत. मी पाहिलं, तसं घडलं. त्यांची मला काळजी नाही, ते सरावाने कमी होतात. आजार चौदाव्यात आहे. सगळ्यात छान वाटलेला शॉट सात वाजता गेला, आणि जाताना मला काहीच दिसलं नाही.

अशी दोनशे शॉटची नोंद झाल्यावर मोजलं. सात वाजताचे जवळपास सगळे शॉट "10, नक्की" असा कॉल असलेले होते. पाय चुकला असता, ग्रिप चुकली असती, डोळा थकला असता तर कॉल कसाही असता आणि शॉटही. फक्त सुंदर चित्र दिसल्यावरच सटकत होता, म्हणजे चित्र सुंदर दिसणं हेच कारण होतं.

"आत्ता!"

हात कधीच स्थिर नसतो. पिस्तूल टार्गेटच्या मधल्या काळ्या वर्तुळाखालच्या एका पट्ट्यात हळूहळू डोलत असतं. डोलता डोलता एका क्षणी सगळं अगदी जुळतं आणि मेंदू ओरडतो: आत्ता! बोट झटक्यात मागे येतं. एकटं बोट मात्र कधीच आवळत नाही. घाईत तर्जनी ओढली की तिच्यासोबत बाकीची तीन बोटंही मूठ आवळतात, मनगट किंचित खाली वाकतं, नळीचं तोंड खाली-डावीकडे जातं. हे इतकं पटकन होतं की डोळ्यात राहतं ते झटक्याआधीचं चित्र. म्हणून कॉल "10, नक्की".

एवढीशी हालचाल एवढं नुकसान का करते? माझ्या पिस्तुलाच्या दोन साइटमधलं अंतर साधारण 330 मिमी आहे आणि टार्गेट 10,000 मिमीवर. म्हणजे फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेत 1 मिमी हलली तर टार्गेटवर 30 मिमी फरक. दहाचा सात. अर्धा मिमी हलली तर 15 मिमी, दहाचा नऊ. अर्धा मिमी हाताच्या अंतरावरून दिसतच नाही म्हणा ना. उलट दोन्ही साइट एकमेकींशी जुळलेल्या असतील आणि सगळं पिस्तूलच टार्गेटवर 10 मिमी भरकटलेलं असेल, तर शॉट 10 मिमीच चुकतो. नऊ. म्हणजे ज्या डोलण्याची आपल्याला भीती वाटते ते स्वस्तात सुटतं, आणि ते थांबवण्यासाठी मारलेला झटका महाग पडतो.

एअर पिस्तुलाला धक्का नावालाच असतो, म्हणून "मी धक्क्याला घाबरते" हे माझ्याबाबतीत लागू नव्हतं. .22 किंवा त्याहून मोठं पिस्तूल चालवणाऱ्यांच्या बाबतीत मात्र ते असतं. शॉट सुटण्याआधीच मनगट धक्क्याला उत्तर देऊ लागतं. टार्गेटवर दोन्ही सारखेच दिसतात, उपायही बरेचसे सारखे.

खात्री करून घ्या

माझं ऐकून मान्य करू नका. साथीदाराला पेलेट भरायला सांगा, तुम्ही बघायचं नाही. दहातल्या तीन-चार वेळा त्याने भरल्यासारखं करून रिकामं पिस्तूल द्यायचं. भरलेलं की रिकामं हे माहीत नसताना ट्रिगर सुटला की फ्रंट साइटकडे बघा. रिकाम्या शॉटला ती जागच्या जागी राहिली तर ट्रिगर ठीक आहे, पुढे वाचायची गरज नाही. खाली टचकन वाकली तर ओळख पटली. मी पहिल्यांदा केलं तेव्हा साथीदार हसला, कारण पिस्तूल मान टाकल्यासारखं दिसलं होतं. मोठ्या पिस्तुलात हेच डमी काडतूस मध्येच घालून करतात. स्प्रिंगवर चालणारं एअर पिस्तूल असेल तर हा प्रयोग करू नका. पेलेटशिवाय सोडलं की पिस्टन आपटतो आणि सील जातं. दाबलेल्या हवेच्या सिलेंडरवाल्यांना ती अडचण नाही.

उपाय: पांढरी भिंत

यापुढचा उपाय एका वाक्याचा आहे आणि दोन महिने खातो. टार्गेट काढून टाका.

पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं, पिस्तूल ड्राय फायरवर (हवा न सुटता नुसता ट्रिगर चालतो ती सोय), आणि भिंतीवर काहीही नाही. ठिपका नाही, काळं नाही. नेम धरायला काही नसलं की "आत्ता" म्हणायला मेंदूला निमित्त उरत नाही. नजर फ्रंट साइटच्या वरच्या कडेवर, दोन्ही बाजूंच्या प्रकाशाच्या फटी सारख्या, आणि ट्रिगरचा दाब वाढत वाढत जायचा. सुटल्यावर दोन सेकंद तसंच थांबायचं. साइट हलली नाही तर शॉट चांगला. बस.

घरी हे करताना पेलेट दुसऱ्या खोलीत ठेवा. पिस्तूल उघडून नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी बघा, पिस्तूल खाली ठेवून परत उचललं तर परत बघा, आणि भिंतीपलीकडे कोण असतं याचाही विचार करा. "रिकामंच होतं" हे वाक्य अपघातानंतरच ऐकू येतं.

ट्रिगरबद्दल थोडं सविस्तर, कारण माझी गाडी इथेच अडली होती. आयएसएसएफच्या (नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) नियमाप्रमाणे 10 मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा असावा लागतो. बहुतेक ट्रिगर दोन टप्प्यांचे असतात: पहिला मोकळा, मग भिंतीला अडल्यासारखा थांबतो, मग सुटतो. मी पिस्तूल टार्गेटच्या वरून नेमाच्या जागेपर्यंत खाली येईपर्यंत ट्रिगरवर काहीच दाब देत नव्हते आणि नेमाच्या जागी आल्यावर पाचशेच्या पाचशे ग्रॅम एका दमात ओढत होते. आता पहिला टप्पा पिस्तूल खाली येतानाच घेते. ट्रिगरच्या त्या भिंतीपाशी पोहोचेपर्यंत बराचसा दाब आधीच दिलेला असतो आणि उरतं ते फक्त थोडं. थोडंच ओढायचं असलं की झटका मारायला जागाच राहत नाही. बोटाचं टोक ट्रिगरला बाकीच्या ग्रिपपासून सुटं लागतंय ना, तेही बघा. तर्जनीची बाजू लाकडाला घासत असेल तर बोट ओढताना पिस्तूलही ओढलं जातं.

दुसरी सवय: शॉट न मारताच सोडून देणं. नेमाच्या जागी स्थिरावल्यावर सहा-सात सेकंदांत सुटला नाही तर पिस्तूल खाली. त्यापुढे डोळ्यातलं चित्र शिळं होतं, हात थरथरतो आणि मग "आत्ता"ची वाट बघणं सुरू होतं. सामन्यात 60 शॉटना 75 मिनिटं असतात, शॉटमागे सव्वा मिनिट. दहा-बारा शॉट खाली उतरवूनही वेळ उरतो. मी सुरुवातीला शॉट सोडणं हा कमीपणा समजायचे. आता वहीत त्याचा वेगळा रकाना आहे आणि सरावात तो शून्य दिसला तर मला संशय येतो.

भिंतीवरून एकदम टार्गेटवर येऊ नका. मध्ये एक पायरी ठेवा: टार्गेटचा कागद उलटा लावा, कोऱ्या बाजूवर खऱ्या पेलेट मारा. ग्रुप कुठे पडतो ते महत्त्वाचं नाही, तो गोल आहे का ते बघा. माझ्या कोऱ्या कागदावरची शेपटी तिसऱ्या आठवड्यात गेली. काळं टार्गेट परत लावलं त्या दिवशी ती परत आली, मग आणखी एक आठवडा कोरा कागद.

ट्रिगर निर्दोष निघाला तर

मग बाकीच्या गोष्टी भराभर बघा. डोळे मिटून पिस्तूल उचला, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. पिस्तूल टार्गेटच्या डावीकडे दिसलं तर मनगटाने ओढून आणू नका, मागचा पाय सरकवून सगळं अंगच वळवा. डोळे उघडल्यावर फ्रंट साइट खाचेत एका बाजूला चिकटलेली दिसत असेल तर ग्रिप हाताला बसत नाहीये. नवीन रेंजवर प्रकाश एका बाजूने येत असेल तर साइटची उजळलेली कड फसवते, तिथे मात्र स्क्रू फिरवणं योग्य. आणि टार्गेट स्पष्ट, फ्रंट साइट धूसर असं दिसत असेल तर नजर चुकीच्या जागी आहे किंवा लेन्स बदलायची वेळ आली आहे. चाळिशीनंतर बहुतेकांना दुसरं कारण निघतं.

बरं होतंय की नाही, हे कशावरून

स्कोअरवरून लगेच कळत नाही, आणि इथेच लोक चांगला उपाय अर्धवट टाकतात. एका शॉटच्या गुणात समजा 0.8 चं स्टँडर्ड डेव्हिएशन असेल तर दहा शॉटच्या सिरीजमध्ये अडीच गुणांचा आणि 60 शॉटमध्ये सहा गुणांचा चढउतार आपोआप होतो. म्हणजे 548 नंतर 554 आलं म्हणून नाचण्यात अर्थ नाही, आणि 554 नंतर 548 आलं म्हणून ग्रिप तासायला घेण्यातही नाही. त्या दोन दिवसांत तुम्ही तेच नेमबाज होतात. मी शेवटच्या दहा सिरीजची सरासरी ठेवते. मागच्या दहांशी तुलना करून फरक दोन गुणांहून जास्त असेल तरच त्याला सुधारणा म्हणते.

त्याहून लवकर बोलतो तो एकच आकडा: 60 शॉटमध्ये "10 कॉल केला पण आठ किंवा खाली, सात वाजता" असे किती. सुरुवातीला माझे अकरा होते. पाच आठवड्यांनी सहा. स्कोअर तेव्हा जागचा हललासुद्धा नव्हता, कारण ट्रिगर हळू झाल्यामुळे नऊ वाढले होते. हा आकडा वहीत नसता तर मी पाचव्या आठवड्यात सोडून दिलं असतं आणि पाचवं "सापडलं" शोधायला लागले असते.

नऊ मोजून त्रास करून घेऊ नका. दक्षिण कोरियाच्या जिन जोंग-ओने 2009 मध्ये 594 चा विश्वविक्रम केला, त्यातही 600 पैकी सहा गुण गेलेच होते. नऊ हा हाताच्या डोलण्याचा हिशेब आहे, तो वर्षांनी कमी होतो. कॉल न झालेला सात हा वेगळा रोग आहे आणि तो आठवड्यांत कमी होतो.

सिरीजच्या सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजायची पद्धत मी सोडली. एकच वाया गेलेला शॉट तो आकडा ठरवतो. प्रत्येक शॉटचं ग्रुपच्या मध्यापासूनचं अंतर काढून त्याची सरासरी घ्या. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर यंत्रच देतं, कागद असेल तर पट्टी आणि दहा मिनिटं.

परत आलं तर

येतं. माझं दोनदा आलं: एकदा तीन आठवडे सराव बंद होता तेव्हा, एकदा सामन्यात. सामन्यातलं जास्त शिकवणारं होतं. पाचव्या सिरीजपर्यंत एकही सात वाजताचा नव्हता. मग सहज मनात बेरीज केली, उरलेल्या शॉटमध्ये किती लागतील याची, आणि पुढचे तीन शॉट: 8.1, 7.6, 8.3, तिन्ही सात वाजता, तिन्हींचा कॉल दहा. स्क्रूकडे हात गेला होता. काढला. पिस्तूल टेबलावर ठेवलं, आणि टार्गेटच्या बाजूच्या कोऱ्या पॅनलकडे तोंड करून सहा ड्राय फायर केले. नियमाला त्याची हरकत नसते, फक्त पिस्तूल खरंच ड्राय फायरवर आहे हे तपासा. चुकून सुटलेली पेलेट शॉट म्हणून मोजली जाते. सहाव्याला साइट हलली नाही तेव्हा टार्गेटकडे वळले. पुढचे सात: 9, 10, 9, 9, 10, 10, 9.

वहीत त्या पानाखाली फक्त एवढं लिहिलंय: "बेरीज केलीस. भिंत, पंधरा दिवस."